दुहेरीतली माझी पहिली जोडीदार

भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आम्ही लातूरला सरकारी वसाहतीत राहत होतो. बाबा पाटबंधारे खात्यात अभियंता होते. आमच्या घराला जिन्याजवळ एक चीर पडली, फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या फुटल्या, एवढंच. आमच्यातलं कुणी गेलं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी याच्या उलट सांगितलं.

नंतर कितीतरी दिवस जमीन मधूनच हलायची. घरात झोपायला कुणी तयार नसायचं. वसाहतीत मोकळी सपाट जागा एकच होती, अधिकाऱ्यांच्या क्लबचं टेनिस कोर्ट. संध्याकाळ झाली की सगळी बिऱ्हाडं खाटा आणि सतरंज्या घेऊन तिथं जमायची. सकाळी अंथरुणं उचलली की कोर्टावरच्या पांढऱ्या रेघा पुसलेल्या असायच्या. मग कोर्ट सांभाळणारा माणूस पाणी मारायचा, रूळ फिरवायचा आणि दोरी धरून पुन्हा फक्की टाकायचा.

दिवाळीच्या सुमारास त्या माणसाबरोबर एक मुलगी दिसू लागली. त्याची भाची. माझ्याच वयाची, काळी, बारीक, केस कापलेले. किल्लारीच्या बाजूच्या गावातली. तिची आई आणि मोठा भाऊ घरातच गेले होते. वडील राखणीला शेतात झोपले होते म्हणून वाचले. ती कशी वाचली हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. वडील तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि तिला मामानं लातूरला आणलं.

तिच्या हातात एक लाकडी रॅकेट होती. दोन तारा तुटलेल्या.

"ही कुठून आणलीस?" मी विचारलं.

"ट्रकमधी आलती. मदतीच्या. समद्यांनी स्वेटर उचलले. हे काय हाय ते कुणाला कळंना, म्हून मी घेतलं."

पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ती दिवसभर चेंडू मारायची. मला क्लबचे एक काका आधीपासून टेनिस शिकवत होते. माझ्याकडे चांगली रॅकेट होती, पांढरे बूट होते. मला समोर खेळायला कुणी नव्हतं म्हणून मी तिला बोलावलं. तिचं भलं करावं असं माझ्या मनात नव्हतं. पुढे एका समारंभात मी माझ्या मोठ्या मनाचे गोडवे ऐकले आहेत, म्हणून सांगते.

दोन वर्षांत आमची जोडी झाली. शालेय स्पर्धेत मुलींच्या दुहेरीसाठी जिल्ह्यातून नाव द्यायचं होतं आणि टेनिस खेळणाऱ्या मुली मोजून चार-पाच. मी नेटजवळ उभी राहायचे आणि दिसणारं सगळं मी करायचे: उडी मारून केलेली व्हॉली, जोरात मारलेला स्मॅश. ती मागे. तिच्या हातून चुकूनही चेंडू बाहेर जायचा नाही. समोरच्या मुली कंटाळून चूक करेपर्यंत ती शांतपणे परत करत राहायची. आणि मागून मला सगळं सांगायची. चेंडू रेषेबाहेर जातोय असं दिसलं की इतर जोड्या इंग्रजीत ओरडत, ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे." मी रॅकेट खाली घ्यायचे आणि चेंडू खरंच बाहेर पडायचा. पुण्याच्या मुली हसायच्या. पहिल्या सेटनंतर त्यांचं हसणं थांबायचं.

आम्ही जिल्हा जिंकलो, विभाग जिंकला. राज्य स्पर्धेला पुण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये आमची सोय केली होती. ती डोक्यावर स्लॅब असला की झोपायची नाही. अंथरूण ओढून व्हरांड्यात न्यायची. दुसऱ्या दिवशी मुलींनी मला विचारलं, ती अशी का करते. मी सगळं सांगितलं. तिची आई, तिचा भाऊ, मातीचे ढिगारे. मला जे माहीत नव्हतं तेही मी भर घालून सांगितलं. मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. एकीनं माझाच हात धरला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट सांगितली की लोक ऐकतात, आणि सांगणाऱ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. ती त्या वेळी नळावर आमचे दोघींचे मोजे धूत होती.

दहावी झाली आणि बाबांची नांदेडला बदली झाली.

नांदेडच्या क्लबात खरा प्रशिक्षक होता. बाहेर खेळून आलेला, कडक माणूस. त्यानं माझा खेळ आठवडाभर बघितला. मी सांगितलं की माझी जोडीदार लातूरला आहे, स्पर्धा असली की मी जाते, ती येते. तो एकदा आम्हा दोघींना खेळताना बघायला थांबला. ती अहमदपूरमार्गे एस.टी.नं चार तास बसून आली होती. आली तशी बूट घालून कोर्टावर उतरली. खेळून पुन्हा बसस्टँडवर गेली. ती गेल्यावर प्रशिक्षक म्हणाला, "पोरगी गुणी आहे. पण उंची नाही, सर्व्हिसमध्ये जोर नाही. ही जोडी विभागापर्यंत ठीक. तुला पुढं जायचं असेल तर जोडीदार बदल."

नवी जोडीदार त्यानं ठरवूनच ठेवली होती. एका रेल्वे अधिकाऱ्याची मुलगी, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिची सर्व्हिस समोरच्याला दिसायची नाही. आम्ही पहिल्याच दिवशी एकत्र खेळलो आणि मला कळलं की प्रशिक्षक बरोबर बोलतोय. यात काही पाप नव्हतं. खेळाडू जोडीदार बदलतात. मी लातूरला जाऊन तिला तोंडावर सांगायला हवं होतं. ती चिडली असती, नाहीतर गप्प बसली असती, आणि ते संपलं असतं.

मी तिला अंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, बाबांनी मला क्लास लावलाय, बारावीपर्यंत टेनिस बंद, मेडिकलला जायचं म्हणतात, मला फार वाईट वाटतंय.

त्या दिवसांत हे कुणालाही पटण्यासारखं होतं. नांदेडमध्ये आणि त्याहून जास्त लातूरमध्ये गल्लोगल्ली क्लास निघत होते. ज्या घरांच्या भिंतींच्या चिरा अजून बुजवल्या नव्हत्या, त्यांच्या गच्चीवर पत्रे टाकून फिजिक्सच्या बॅचेस चालत. पहाटे पाचला सायकलींचे थवे निघायचे. हुशार मूल खेळतंय म्हटलं की शेजारी आईबापांना बोल लावत. मी क्लासला जातही होते, सकाळी एक तास. त्यामुळे पत्र लिहिताना मला वाटलं की मी पूर्ण खोटं लिहीत नाही. संध्याकाळी मी नव्या जोडीदाराबरोबर कोर्टावर होते.

तिचं उत्तर आलं. "तू सोडलंस म्हणजे विचार करूनच सोडलं असशील. तू नाहीस तर मी कुणाबरोबर खेळू? मी पण क्लास लावला. सर अर्ध्या फीमध्ये घेतो म्हणाले. मामा म्हणतो, तुझी पार्टनर शहाणी आहे."

ते पत्र मी रसायनशास्त्राच्या पुस्तकात घालून ठेवलं आणि ते पुस्तक उघडायचं टाळू लागले.

बारावीच्या वर्षी, सहामाही झाल्यावर ती नांदेडला आली. न कळवता आली. लातूरच्या त्या सरांच्या नोट्सची तेव्हा फार ख्याती होती. क्लासबाहेर त्या मिळत नसत. तिनं त्या माझ्यासाठी हातानं उतरवून काढल्या होत्या, फिजिक्सच्या सगळ्या. चार जाड वह्या. आधी ती आमच्या घरी गेली. आईला माझ्या पत्रातलं काहीच माहीत नव्हतं. आई सरळ म्हणाली, "अगं, ती क्लबवर आहे. रोज संध्याकाळी असते ना. जा, तुला बघून खूश होईल."

मी सर्व्हिस घ्यायला उभी होते. जाळीपलीकडे ती दिसली. पिशवी पोटाशी धरून उभी. मी तिला ओळखलं आणि नजर चेंडूकडे वळवली. असं वाटलं, मी बघितलंच नाही असं दाखवलं तर ती निघून जाईल. तो सेट मी पूर्ण खेळले. पुढचाही खेळले. त्या दोन सेटमध्ये मी जितकं चांगलं खेळले तितकं त्या महिन्यात खेळले नव्हते, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

ती गेली नाही. जाळीजवळच्या बाकावर बसून राहिली. खेळ संपल्यावर मला जावंच लागलं.

"अगं, तू? कधी आलीस?" मी म्हणाले.

"झाला वेळ."

"आज सहज आले गं. एक मुलगी कमी पडत होती म्हणून बोलावलं यांनी. तसं बंदच आहे माझं."

माझी नवी जोडीदार टॉवेलनं तोंड पुसत शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं.  आमच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट होते, पाठीवर जिल्ह्याचं नाव छापलेले.

"हाव," बाकावरून उठत ती म्हणाली. मग पिशवी पुढे केली. "नोट्स हायत. थर्मोडायनॅमिक्सची वही जरा गिचमिड झाली. घाईत लिवली."

मी पिशवी घेतली. घरी चल म्हणाले. ती म्हणाली, शेवटची गाडी चुकंल. फाटकापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "तुझा बॅकहँड सुधारला." त्यात टोमणा नव्हता. तिला खेळ कळायचा, तिनं बघितलेलं सांगितलं.

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही.

माझं पुढचं टेनिस सगळ्यांना माहीत आहे. मी आणि माझी नवी जोडीदार विद्यापीठाकडून खेळलो. राज्याचं दुहेरीचं विजेतेपद तीनदा जिंकलं आणि एकदा राष्ट्रीय स्पर्धेत अजिंक्य ठरलो. खेळाडूंसाठी राखीव जागेवर मला बँकेत नोकरी लागली. बारावीला मला फिजिक्समध्ये बरे गुण पडले. त्या वह्यांमुळेच पडले. मी त्या वापरल्या.

राष्ट्रीय विजेतेपदानंतर एका वार्ताहरानं माझी मुलाखत घेतली. नांदेडच्या घरीच, आईनं पोहे केले होते. त्यानं विचारलं, "तुम्ही मूळच्या लातूरच्या? भूकंपाच्या वेळी तिथंच होता?"

"हो," मी म्हणाले.

"मग टेनिस कसं सुरू झालं?"

मी कोर्टावर झोपायचो ते सांगितलं. ते खरं होतं. त्याची पेन्सिल भराभर चालू लागली. मग मी मदतीच्या ट्रकमधून आलेल्या रॅकेटबद्दल सांगितलं. वाक्य मी असं केलं की रॅकेट कुणाला मिळाली ते स्पष्ट होऊ नये. त्यानं विचारलं, "घरातलं कुणी..." आणि थांबला. मी म्हणाले, "जवळची माणसं गेली." म्हणाले आणि मान खाली घातली. आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. तिनं पुढे कधी विषय काढला नाही, आणि त्या दिवशी पोह्यांची दुसरी बशीही आणली नाही.

छापून आलं ते माझ्या फोटोसह, अर्धं पान. ढिगाऱ्यातून उठलेली मुलगी, दान मिळालेली तुटकी रॅकेट, गमावलेली माणसं. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं नाही. पुढे प्रत्येक सत्कारात तेच वाचून दाखवलं जाऊ लागलं, आणि दर वेळी मी हात जोडून उभी राहिले. एका संस्थेनं तो मजकूर वाचून मला बाहेरच्या स्पर्धांचा प्रवासखर्च दिला. तोही मी घेतला. लग्नानंतर नवऱ्यानंही हेच खरं धरलं. सासूबाईंनी मला जवळ घेऊन डोळे पुसले होते.

गुडघा गेला तेव्हा खेळ थांबला. मुलगी झाली, मोठी झाली. तिला टेनिसची आवड नव्हती, डॉक्टर व्हायचं होतं. आता हदगावपासून उदगीरपर्यंतची मुलं लातूरला खोल्या करून राहतात, तशी तिलाही ठेवायची ठरली. क्लास मी निवडला. नवऱ्याला सांगितलं की तिथला निकाल चांगला आहे. निकाल चांगला होताच. पण तिथं फिजिक्स कोण शिकवतं याची मी आधी चौकशी करून ठेवली होती.

माझी पहिली जोडीदार वर्गातून बाहेर आली तेव्हा मुलं दोन्ही बाजूंनी "मॅडम, मॅडम" करत होती. केस पिकले होते. बोटांना मार्करची शाई. तिनं मला लगेच ओळखलं. माझ्या मुलीला ऑफिसात फॉर्म भरायला पाठवलं आणि मला शिक्षकांच्या खोलीत नेलं. खोलीत दोन खुर्च्या आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

मी प्रवासात पाठ करून आले होते ते बोलायला लागले. ती मधेच म्हणाली, "पेपरातलं म्हणतीस का? ते वाचलं मी. मामानं कात्रण आणलं होतं. मी मामाला म्हटलं, छापणाऱ्याची चूक हाय. तिनं माझं सांगितलं आसंल, त्यानं तिचं म्हणून लिवलं."

"चूक त्याची नव्हती," मी म्हणाले.

"ते कळलं नंतर. सारखं सारखं यायला लागलं तवा." ती गठ्ठ्याची दोरी सारखी करत होती. "आप्पाला लई लागलं. आमच्या वडलांना. ते म्हणले, आपली माणसं त्या पोरीनं कशी काय घेतली? मला काय सांगावं कळंना. गेले ते, तीन वर्षं झाली."

मी रडले. तिनं रडू दिलं. समजूत घातली नाही, पाणी दिलं.

मग मी पत्राचं बोलले, त्या खोट्या पत्राचं. तिचा चेहरा तेव्हा बदलला. पेपरातल्या गोष्टीनं बदलला नव्हता.

"उदगीरची एक उंच पोरगी आठवती का? जिल्ह्याच्या फायनलला आपण हरवलेली? तुझं पत्र आलं त्याच्या पुढच्या महिन्यात तिचे वडील मामाकडं आलते. म्हणले, ह्या दोघी लई चांगल्या खेळतील, आम्ही पोरीला गाडीनं आणू, लातूरलाच सराव करू द्या. मी न्हाई म्हटलं." तिनं गठ्ठा बाजूला सरकवला. "मला वाटलं, बारावी झाली की तू परत येशील. तवा मी दुसरीसंगं खेळत आसले तर तुला काय सांगू?"

मी म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं."

"तुला कसं आसंल? तू नुसतं सांगायला पायजे होतं. दुसरी मिळाली म्हणून. मी बी बघितली आसती माझी." मग नेहमीच्या, वर्गातल्या भाषेत म्हणाली, "मला शिकवायचं वाईट वाटत नाही. बरं चाललंय. पण खेळायचं होतं मला."

बाहेर पुढच्या बॅचची मुलं जमली होती. ती उठली. "पोरीला ठेव इथं," ती म्हणाली. "मी बघते तिच्याकडं." क्षमेचा शब्द मी मागितला होता. तो तिनं दिला नाही.

मुलगी तिथं दोन वर्षं राहिली. फोनवर मॅडमचं कौतुक करायची. आजारी पडली तेव्हा त्यांनी घरचं जेवण पाठवलं, हे सांगायची. मी ऐकून घ्यायचे. शेवटी एका सुट्टीत मी तिला आणि नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "इतक्या वर्षांनी हे उकरायचं कशाला?" मुलगी उठून आत गेली. लातूरला परतल्यावर बरेच दिवस ती फक्त वडिलांना फोन करत होती. अजूनही माझ्याशी बोलताना ती कामापुरतं बोलते.

गेल्या हिवाळ्यात अहमदपूरच्या एका शाळेनं बक्षीस समारंभाला बोलावलं. निवेदिकेनं तोच जुना परिचय वाचला. मी माईकजवळ गेले आणि म्हणाले की हा परिचय चुकीचा आहे. भूकंपात माझं कुणी गेलं नाही. रॅकेट माझी नव्हती. ती माझ्या पहिल्या जोडीदाराची होती, तिची आई आणि भाऊ गेले, आणि मी तिला फसवलं. सगळं बोलले. तिचं नाव घेतलं नाही, कारण त्याची परवानगी तिच्याकडे मागायचा मला धीर झाला नव्हता.

 मग मुख्याध्यापक उठले, त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि हसून म्हणाले, "बघा मुलांनो, इतकी मोठी खेळाडू, पण स्वतःच्या दुःखाचं भांडवल करत नाही. सगळं श्रेय जोडीदाराला देऊन टाकते. याला म्हणतात विनम्रता."

टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात पडल्या. मी माईकसाठी हात पुढे केला, पण त्यांनी तोवर सरपंचांना भाषणासाठी बोलावलं होतं. मी खुर्चीवर जाऊन बसले.